घरच्या माणसाचं नाव

लेटनस्टोन, लंडन
रविवार, ९ जून

चि. सुहास,

अनेक आशीर्वाद. ती. आईला साष्टांग नमस्कार. सौ. कल्याणीला आशीर्वाद आणि मुक्ताला गोड पापा.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. गेल्या आठवड्यात तीनदा हा विषय काढला आणि तिन्ही वेळा तुझा दुसरा फोन वाजला. एकदा कलरिंगवाल्यांचा, एकदा बँकेचा, आणि एकदा कोणाचा ते तू सांगितलंच नाहीस. म्हणून आज सकाळी चहा झाल्यावर लिहायला बसले. सावकाश वाच. आईला मोठ्याने वाचून दाखवलंस तरी चालेल, यात तिचंही थोडं आहे.

आधी कामाचं. तुझ्या सिनेमाची सबटायटल्स संपत आली. द्राक्षबागेतल्या ‘गोडी छाटणी’ला दोन दिवस अडले होते. इंग्रजीत नुसतं छाटणी म्हटलं तर त्यातली गोडी जाते, आणि गोडी ठेवावी तर ऐकणाऱ्याला वाटतं साखर घालतात की काय. शेवटी म्हाताऱ्याच्या तोंडी ‘फळाची छाटणी’ या अर्थाची ओळ दिली. एप्रिलमधली खरड छाटणी वेगळी आणि ऑक्टोबरमधली ही वेगळी, एवढं इथल्या प्रेक्षकाला कळलं तरी पुरे. पोरगा बापाच्या हातातून कात्री काढून घेतो, तिथे मी एकही शब्द टाकलेला नाही. तिथे तूही काही बोलू दिलेलं नाहीस, ते फार चांगलं केलंस.

हे करता करता परवा रात्री टायटल्सपाशी आले. कथा, पटकथा, दिग्दर्शन, तुझं नाव. छायाचित्रण, ध्वनी, कला, सगळी नावं नीट भरली. मग ‘संकलन’ आलं, कल्याणीचं काम, आणि त्यापुढे मुंबईच्या त्या सरांचं नाव. मला वाटलं, जुनी फाइल आली असेल. पुढे सरकत शेवटच्या ‘विशेष आभार’पर्यंत गेले. तिथे आई आहे, मी आहे, बागेचे मालक आहेत, ट्रॅक्टर देणारे दोघे भाऊ आहेत, जेवणाचे डबे पुरवणारे आहेत, आणि त्या सगळ्यांच्या मधे कुठेतरी कल्याणी आहे.

मी तुला विचारलं तेव्हा तू म्हणालास, “अगं ताई, ती घरचीच आहे. घरच्या माणसाचं नाव काय लावायचं? सरांचं नाव असलं की वितरक निदान सिनेमा बघायला बसतो तरी.”

तुझ्या बोलण्यातला दुसरा भाग मला कळतो. अडकलेले पैसे मोकळे व्हायला हवेत, हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो, आणि ओळखीच्या नावाशिवाय दार उघडत नाही. त्याला मी नाव ठेवत नाही. पण पहिला भाग मनातून जात नाही. ‘घरचीच आहे.’ हे शब्द मी आधीही ऐकलेत, आपल्याच घरात. तिकडे येतेच.

तू मला मधे एक मेसेज पुढे पाठवला होतास, हिचकॉकने ‘सायको’साठी घर गहाण टाकलं म्हणून. “बघ ताई, मोठमोठ्यांनी पण हेच केलंय,” असं खाली लिहिलं होतंस. मी ज्या गावात राहते ते त्याचं जन्मगाव. आमच्या ट्यूब स्टेशनच्या बोगद्यात त्याच्या सिनेमांची सतरा मोझेक चित्रं आहेत, २००१ साली लावलेली. रोज कामाला जाताना मी ‘सायको’समोरून जाते. हाय रोडवर ५१७ नंबरला त्याच्या वडिलांचं भाजीचं दुकान होतं, वर घर, तिथे १३ ऑगस्ट १८९९ला तो जन्मला. आता त्या जागी पेट्रोल पंप आहे. तेव्हा या माणसाबद्दल मी जरा वाचून काढलं आहे, आणि तुझा तो मेसेज बरोबर नाही, हे सांगायला हवं.

त्याने डावावर लावलं ते स्वतःचं मानधन. १९५९ साली तो साठ वर्षांचा झाला. त्याच वर्षी आलेला त्याचा रंगीत, भव्य सिनेमा चाळीस लाख डॉलरच्या वर गेलेला आणि चाललेलाही. त्यानंतर त्याने न्हाणीघरात बाईचा खून होतो अशी कादंबरी उचलली. पॅरामाउंट स्टुडिओला ती किळसवाणी वाटली, त्यांनी नेहमीसारखा पैसा द्यायला नकार दिला. मग तो म्हणाला, खर्च मी करतो. आपल्या शॅमली कंपनीतून आठ लाख डॉलरच्या आसपास पैसा उभा केला, स्वतःचे अडीच लाख सोडून दिले आणि त्याबदल्यात सिनेमाची साठ टक्के मालकी घेतली. कृष्णधवल घेतला, टीव्ही मालिकेची आपली स्वस्तातली माणसं घेतली, आणि १९५९च्या नोव्हेंबरमध्ये काम सुरू करून १ फेब्रुवारीला संपवलंसुद्धा. पैसे बुडाले असते तर त्याचे बुडाले असते, पण डोक्यावरचं छप्पर शाबूत राहिलं असतं. तुमचं तसं नाही. तुमचा सिडकोतला फ्लॅट गेला तर आई, मुक्ता आणि तुम्ही दोघं कुठे जाणार, हा विचार माझ्या मनातून एक दिवसही जात नाही.

तो फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. बँकेत दोघांच्या सह्या झाल्या. ती घरचीच आहे म्हणून बँकेने कल्याणीला सही माफ केली नाही, सुहास. तिच्या पाटल्या मोडल्या त्या शूटिंगच्या पहिल्या शेड्यूलला. न्यूज चॅनेलमधली तिची कायमची नोकरी गेली ती दुसऱ्या शेड्यूलला. जोखमीच्या कागदावर तिचं नाव तुझ्या बरोबरीनं आहे. मग कामाच्या कागदावर का नको?

आता हिचकॉकच्या बायकोचं ऐक. तिचं नाव आल्मा रेव्हिल. नवऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, १४ ऑगस्ट १८९९ला जन्मली, नॉटिंगहॅमला. वडील ट्विकनहॅमच्या स्टुडिओत कामाला होते, म्हणून ही सोळाव्या वर्षी तिथे लागली आणि कापाकापीच्या खोलीत पोचली. तेव्हा संकलन म्हणजे खरोखरची कात्री आणि खरोखरची फिल्म, प्रकाशासमोर धरून डोळ्यांनी चौकट मोजायची आणि डिंकासारख्या द्रवाने जोड द्यायचा. हिचकॉक या धंद्यात आला तेव्हा ती चांगली मुरलेली होती. आणि तो काय म्हणून आला ठाऊक आहे? टायटल्स रंगवायला. मूकपटांच्या मधे ज्या अक्षरांच्या पाट्या यायच्या त्या तो काढायचा. पडद्यावर कोणाचं नाव कुठे, केवढ्या अक्षरात, हेच त्याचं पहिलं काम.

तिच्याशी तो बरेच दिवस बोललाच नाही. ती वरच्या कामावर, हा खाली. सहायक दिग्दर्शक झाल्यावर त्याने फोन केला तो संकलनाचं काम देण्यासाठी. पुढे जर्मनीहून बोटीने परत येताना समुद्र खवळलेला, ही बोट लागून आडवी पडलेली, तेव्हा त्याने लग्नाचं विचारलं. २ डिसेंबर १९२६ला ब्रॉम्प्टन ऑरेटरीत लग्न झालं.

मागच्या महिन्यात एका शनिवारी मी तिथे गेले होते. खास त्यासाठीच. चर्चपासून क्रॉमवेल रोडने चालत गेलं की १५३ नंबरची पांढरी इमारत लागते. लग्नानंतर १९३९ साली अमेरिकेला जाईपर्यंत ही दोघं तिथे वरच्या मजल्यावर राहिली. कथांवर बोलणं तिथेच, भांडणं तिथेच, मुलगी लहानाची मोठी तिथेच. दाराशेजारी गोल निळी पाटी आहे. सर आल्फ्रेड हिचकॉक, चित्रपट दिग्दर्शक, १९२६ ते १९३९ इथे राहिले. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून ती दोनदा वाचली. तेराच्या तेरा वर्षं त्या जिन्याने तीही चढली-उतरली असेल. पाटीवर ती नाही. खाली बस थांबत होत्या, माणसं उतरत होती, आणि मला एकदम आपल्या छापखान्याची पाटी आठवली.

बाबांच्या नावापुढे ‘आणि सन्स’. ती पाटी रंगवली तेव्हा तू दोन वर्षांचा होतास. मी आठ वर्षांची, शिडीशी उभी राहून पेंटरच्या डब्यातला लाल रंग बघत होते. छापखान्यात तेव्हा काम करणारी माणसं तीन. बाबा, ट्रेडल म्हणजे पायाचं छपाई यंत्र चालवणारे काका, आणि आई. आई सकाळी स्वयंपाक आटोपून छपाईचे खिळे जुळवायला बसायची. रात्री आपण झोपलो की पुढच्या खोलीत प्रुफं वाचायची. तिच्या उजव्या अंगठ्याच्या नखात शाई कायमची असायची, भाकरी थापताना ती मला दिसायची. पेंटरने विचारलं होतं, “ताईंचं काही नाव घालायचं का?” बाबा म्हणाले, “छे, ती घरचीच.” रागाने नाही, अगदी मायेनंच म्हणाले. आई आत होती, तिने ऐकलं, आणि काही बोलली नाही.

तुला ते लग्नपत्रिकांचं आठवत असेल की नाही कोण जाणे. गंगापूर रोडचं मोठं घराणं, पाचशे पत्रिका, पिवळा जाड कागद, वर गणपती. बाबांनी प्रुफं स्वतः पाहिली होती. सगळ्या छापून झाल्या, शंभरा-शंभराचे गठ्ठे सुतळीने बांधून झाले, यजमानांचा माणूस संध्याकाळी न्यायला येणार. दुपारी आई गठ्ठे मोजायला बसली. मोजता मोजता वरची एक पत्रिका तिने डोळ्यांजवळ धरली आणि म्हणाली, “अहो, मुलाचे आजोबा आहेत ना?”

आजोबा होते. चांगले होते, त्यांनीच पत्रिकेचा कागद निवडला होता. आणि त्यांच्या नावाआधी ‘कै.’ छापलं गेलं होतं. वरच्या ओळीत कुणा चुलत आजोबांचं कै. होतं, ते जुळवताना खाली उतरलं. एक अक्षर आणि एक टिंब, तेही बारकं. बाबांच्या नजरेतून दोनदा निसटलेलं. रात्रभर ट्रेडल चालली आणि सकाळी नव्या पत्रिका गेल्या. कागदाचा खर्च अंगावर पडला, पण त्या घराने पुढची कितीतरी वर्षं आपल्याला सोडलं नाही.

हे का सांगते? ‘सायको’तही असंच झालं होतं.

सिनेमा पुरा झाला होता. न्हाणीघरातला तो पाऊण मिनिटाचा खून सात दिवस खपून सत्तरच्या वर ठिकाणांहून टिपलेला, पन्नासेक कटांत बसवलेला. रक्ताऐवजी चॉकलेटचं सिरप, सुरीच्या आवाजासाठी खरबुजात खुपसलेली सुरी. जॉर्ज टोमासिनी हे संकलक, तो माणूस मोठा होता आणि त्याचं नाव टायटल्समध्ये आहे, योग्यच आहे. सगळ्यांनी पाहून झालं होतं. प्रती बाहेर पडायच्या बेतात होत्या. शेवटी आल्माने पाहिलं आणि ती म्हणाली, हे असं पाठवता येणार नाही, मेलेली बाई हलते आहे. नटी जॅनेट ली फरशीवर गाल टेकून पडलेली, डोळे उघडे, आणि तेवढ्यात गळ्याशी किंचित हालचाल. कोणी म्हणतं श्वास होता, कोणी म्हणतं आवंढा. तिथल्या तिथे ते काढून टाकलं.

मी माझं पोट याच कामावर भरते, सुहास. सेकंदाला चोवीस चौकटी. एक ओळ दोन चौकटी लवकर आली तरी मला खुपते. तरी सांगते, ‘सायको’ मी साउथ बँकच्या थिएटरात मोठ्या पडद्यावर पाहिला तेव्हा त्या मेलेल्या बाईच्या गळ्याकडे बघायचं म्हणून ठरवून गेले होते, आणि त्या क्षणी मी तिच्या डोळ्याकडेच बघत राहिले. सगळे तेच करतात. गळ्याकडे बघायला निराळी नजर लागते. छापलेल्या पाचशे पत्रिकांच्या गठ्ठ्यात जिवंत माणूस मेलेला आहे हे दिसायलाही तीच लागते.

आणि ती नजर कल्याणीकडे आहे, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मार्चमध्ये गारपीट झाली तेव्हा तू मला रात्री अडीचला फोन केला होतास. इथे नऊ वाजले होते. बाग झोडपली गेली, घड मातीत पडले, अकरा दिवसांचं काम बाकी आणि त्यात बापलेकाचा समेटाचा प्रसंग, हिरव्यागार मांडवाखाली. तू रडत होतास. तू म्हणालास, “ताई, संपलं. पुढच्या हंगामापर्यंत थांबायला पैसे नाहीत.” मागे कल्याणी मुक्ताला थोपटत होती, ते मला ऐकू येत होतं.

पुढच्या चार दिवसांत काय झालं ते आठव. तिने तो समेटच काढून टाकला. छाटणीच्या वेळचा तो जुना शॉट, ज्यात म्हातारा फक्त वळून बघतो आणि तू जो पहिल्या आठवड्यातच वाया गेलेला म्हणून बाजूला टाकला होतास, तो तिने शोधून काढला आणि सगळ्यात शेवटी नेऊन लावला. मधे गारांनी फाटलेल्या पानांचे मोबाइलवर घेतलेले सव्वा मिनिटाचे तुकडे. एकही संवाद नाही. तू मला ते पाठवलंस तेव्हा मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पाहिलं आणि खुर्चीवर बसले. आधीच्या शेवटात बाप मुलाला क्षमा करायचा. आता तो करतो की नाही कळत नाही, आणि तरी ऊर भरून येतो. सबटायटल करताना त्या पाच मिनिटांत मला लिहायला काही उरलेलंच नाही. तो शेवट तू लिहिलेला नाहीस. गारांनी मोडला आणि कल्याणीने जोडला.

मुंबईचे सर दोन दिवस आले. त्यांनी मध्यंतराआधीचे काही प्रसंग आवळले, ते फार छान झालंय, मला दिसतं. त्या दोन दिवसांचं मोल आहे. पण चौदा महिने रात्री मुक्ता झोपल्यावर कानात हेडफोन घालून बसलेल्या माणसाच्या जागी ते नाव लागू शकत नाही. त्यांना विचारलंस तरी का? मला वाटतं, जो माणूस आयुष्यभर या टेबलावर बसला आहे तो दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर घेणार नाही. त्यांना ‘संकलन सल्लागार’ म्हण. पाटी वेगळी दे, आधी दे, हवं तर मोठ्या अक्षरात दे. वितरकाला नाव दिसल्याशी कारण.

तू म्हणशील, कल्याणीला स्वतःलाच नको आहे. ती मलाही तेच म्हणाली, “नको ताई, राहू द्या, यावरून घरात वाद नको.” आल्माबद्दलही असंच लिहिलेलं वाचते, की तिला मागे राहणंच आवडायचं. असेलही. सुरुवातीला तिचं नाव असायचं. ‘शॅडो ऑफ अ डाउट’च्या पटकथेत आहे, १९५०च्या ‘स्टेज फ्राइट’मध्ये आहे. त्यानंतर नवऱ्याच्या टायटल्समधून ते गेलं. काम मात्र गेलं नाही. एखादी गोष्ट तिला पटली नाही की तो ती हातात घेत नसे. १९५८ साली तिला कर्करोग झाला, त्यातून ती उठली, आणि वर्ष-दीड वर्षात ‘सायको’ आला. त्या सिनेमावर त्याचा स्वतःचाच विश्वास उडाला होता. कापून तासाभराचा करून टीव्हीवर देऊन टाकावा असं त्याच्या मनात आलं होतं, असं संगीतकार बर्नार्ड हरमनने सांगून ठेवलंय. हरमनने नुसत्या तंतुवाद्यांवर जे संगीत केलं त्याने सिनेमा उभा राहिला. न्हाणीघरात संगीत नकोच असं आधी हिचकॉकचं म्हणणं होतं, ऐकल्यावर त्याने ते मागे घेतलं. आपलं चुकलं हे त्या टेबलावर कबूल करता येत होतं, ही मला त्या माणसाची मोठी गोष्ट वाटते. १६ जून १९६०ला न्यूयॉर्कमध्ये सिनेमा लागला आणि खर्चाच्या कित्येक पटींनी पैसा परत आला.

मागे राहणं आवडतं की नाही, हे ठरवायला आधी कोणी पुढे ये म्हणावं लागतं. आईला कोणी म्हटलं नाही. तिला पाटीवर नाव आवडलं असतं का, मी गेल्या दिवाळीत आले होते तेव्हा विचारलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, “आता काय त्याचं.” मग थोड्या वेळाने, फडकं वाळत घालताना, पाठ माझ्याकडे करून म्हणाली, “पेंटरने विचारलं होतं हो.” चाळीस वर्षं होऊन गेली, तिला तो पेंटर लक्षात आहे. आई, तू हे ऐकत असशील तर रागावू नकोस, मला हे सुहासला सांगायचंच होतं.

आणि आपण तर नाशिकचे. शाळेच्या सहलीला पांडवलेणीला जाऊन आलेलो, तिथे पायथ्याशी आता फाळके स्मारक आहे. त्र्यंबकेश्वरचा माणूस, १९१२ साली इथे लंडनला येऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन गेला, विमा गहाण, बायकोचे दागिने गहाण, हे आपल्याला तोंडपाठ. तेव्हा कच्ची फिल्म कडेला भोकं नसलेली यायची. काळोखात बसून ती भोकं पाडायचं काम सरस्वतीबाईंनी केलं. फिल्म धुण्याची रसायनं त्यांनी कालवली, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहिल्या, आणि सगळ्या माणसांचा स्वयंपाकही त्यांनीच केला. एक भोक वाकडं पडलं असतं तर ३ मे १९१३ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये पडद्यावर हरिश्चंद्र थरथरला असता. फाळके पुरस्कार दरवर्षी टाळ्यांत दिला जातो. आपल्या वर्गात बाईंनी सरस्वतीबाईंचं नाव घेतल्याचं मला आठवत नाही. मला ते इथे येऊन, चाळिशीत कळलं.

हिचकॉकने शेवटी नाव घेतलं. १९७९च्या मार्चमध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने त्याचा मोठा सत्कार केला. दोघंही ऐंशीच्या घरात, दोघांचीही तब्येत ढासळलेली, ती शेजारीच बसलेली. तो म्हणाला, मला चारच माणसांचा नावानिशी उल्लेख करू द्या. एक चित्रपट संकलक, एक पटकथाकार, एक माझ्या मुलीची आई, आणि एक घरच्या स्वयंपाकघरात चमत्कार करणारी सुगरण. या चौघांचंही नाव आल्मा रेव्हिल. मी ती चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिली आहे. दरवेळी डोळे भरून येतात आणि दरवेळी वाटतं, बाबा रे, किती उशीर. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये तो गेला. १९८२च्या जुलैत तीही.

तुझ्यापाशी अजून वेळ आहे. टायटल्सची पाटी बदलायला तुझ्या त्या मुलाला अर्धा दिवस लागेल. त्याचे जादाचे पैसे मी पाठवते, हप्त्याच्या पैशांना हात लावू नकोस. जुलैच्या हप्त्यातही माझा थोडा हातभार असेल, अजितशी बोलणं झालंय, त्यावर वाद घालू नकोस.

तू बाबांवर गेला आहेस. तेही वाईट नव्हते. आईशिवाय त्यांचं पान हलत नसे आणि ते चारचौघांत सांगतही असत. पाटीवर मात्र घातलं नाही, कारण तसं कोणी घालत नसे. तू घाल. आणि ‘विशेष आभार’मधून तिला काढ. आभार परक्याचे मानतात.

कल्याणी, हे तुझ्यासाठी. तू नको म्हणू नकोस. वाद झाला तर माझ्यावर ढकल, मी लांब आहे, मला काही होत नाही.

आईची गुडघ्याची गोळी जेवणानंतरच घ्यायची आहे, ती रिकाम्या पोटी घेते असं मुक्ताने मला फोनवर सांगितलं. लक्ष ठेव. पावसाळ्याआधी गॅलरीची गळती बघून घे.

सबटायटल्सची फाइल मला गुरुवारी रात्रीपर्यंत पूर्ण करायची आहे. ‘संकलन’ या ओळीपुढे मी सध्या काहीच भरलेलं नाही. कल्याणीचं नाव इंग्रजीत कसं लिहायचं, वाय एकच की शेवटी आय, आणि आडनाव आपलं लावायचं की माहेरचं, हे तिलाच विचार. ती सांगेल तसं, एकेक अक्षर मोजून, मला कळव.

तुझी,
ताई